पाटात अडलेला खडा

वैरागडेबाई रोग्याच्या पोटाला हात लावायच्या आधी तो हात स्वतःच्या गळ्याला लावून बघायच्या. गार लागला तर दोन्ही तळवे खसाखसा चोळायच्या. थंडीच्या दिवसांत चहाच्या कपाभोवती धरून ठेवायच्या आणि मगच पोटावर टेकवायच्या. "गार हात लागला की पोट दचकतं," म्हणायच्या, "आणि दचकलेलं पोट काही सांगत नाही."

हात टेकवला की डोळे मिटून घ्यायच्या. बोटं इतकी सावकाश सरकायची की नव्या माणसाला वाटावं, बाईंना डुलकी लागली. एकदा एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सिस्टरबाई, डाक्टरीनबाईच्या अंगात येते का?" मी बाईंना ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येत असतं तर बरं झालं असतं गं. निदान चुकलं की देवावर तरी ढकलता आलं असतं."

आमचं इस्पितळ हिंगणघाटला, वणा नदीच्या अलीकडं. धर्मादाय होतं, लांबलचक आणि कौलारू. पुढच्या व्हरांड्यात रोग्यांचे नातेवाईक चुली मांडून भाकरी भाजत. ऑपरेशनच्या खोलीला उत्तरेकडं मोठ्या काचा होत्या, कारण विजेचा भरवसा नव्हता. मी त्या खोलीची नर्स. मी केळझरची, वडील भाजीपाला करत. नर्सिंग शिकून आले आणि पहिल्याच आठवड्यात बाईंच्या टेबलाशी उभी राहिले, ती त्या जाईपर्यंत.

बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज घोगरा. पांढरं जाडंभरडं लुगडं, केसांचा मुठीएवढा अंबाडा, आणि तोंडात कायम एक लवंग. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी सरळ सांगूनही टाकलं असतं. दुपारी भाकरी, ठेचा आणि कांदा हे एवढंच जेवण. कांदा त्या टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडायच्या. पुण्याकडचे डॉ. मराठे आमच्याकडं नवीन आले तेव्हा ही बुक्की पाहून त्यांच्या हातातला चमचा खाली पडला होता.

बाईमाणूस डॉक्टर म्हणजे बाळंतपणं करणारी, असाच सगळ्यांचा समज. बाळंतपणं त्या शेकड्यांनी करायच्या. पण त्यांचा जीव होता पित्तात. यकृताच्या खाली पित्ताची पिशवी असते, आणि तिच्यापासून आतड्याकडं एक नळी जाते, पेन्सिलीहूनही बारीक. ही पिशवी, ही नळी, आणि त्यांत होणारे खडे. मी एकदा विचारलं, "बाई, एवढ्या मोठ्या शरीरात तुम्हाला हेच का आवडतं?"

"बाकीचे अवयव गरीब आहेत गं," त्या म्हणाल्या. "दुखलं की तिथंच दुखतात. हे लबाड आहे. दुखणं इथं, कळ खांद्यात, आणि रंग डोळ्यांत. मला लबाड माणसं आवडतात, त्यांच्याशी बोलताना झोप येत नाही."

खड्याला त्या पाहुणा म्हणायच्या. "पाहुणा पिशवीत बसून राहिला तर माणूस जन्मभर जगतं, त्याला कळतसुद्धा नाही. पाहुणा घरभर हिंडायला लागला की पंचाईत."

हा पाहुणा कुठवर हिंडू शकतो, ते मी पाहिलं वडनेरच्या बायजाबाईंच्या वेळी.

बायजाबाई सत्तरीच्या. मुलानं बैलबंडीत घालून आणलं. तीन-चार दिवस पोटात काही ठरत नव्हतं, हिरवट ओकारी, पोट डेऱ्यासारखं फुगलेलं. डॉ. मराठ्यांनी तपासलं आणि म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, नाहीतर गाठ आहे. म्हणणं चूक नव्हतं. आतडं कुठंतरी बंद झालं होतं हे मलाही दिसत होतं. बाईंनी हात गरम करून पोटावर ठेवला, डोळे मिटले आणि खूप वेळानं विचारलं, "बुढे, याच्या आधी कधी दुखलं होतं का? इकडे, उजवीकडे, बरगडीखाली?"

"वायगोळा हाय मले," बायजाबाई कण्हत म्हणाल्या. "जुनाच हाय. लेकराच्या लग्नात उठला होता, मग दिवाळीत उठला. मंग एक डाव लयच दुखलं, अन् आपोआप थांबलं. मले वाटलं, गेला."

"गेला नाही," बाई म्हणाल्या. "थो तुह्या पोटातच गावाले निघाला."

आमच्याकडं एक जुनं एक्स-रेचं यंत्र होतं, चालू झालं की सगळ्या इस्पितळातले दिवे मंद व्हायचे. बाईंनी फोटो काढून ओली फिल्म खिडकीच्या काचेला लावली. फुगलेली आतडी तर सगळ्यांनाच दिसत होती. बाईंचं बोट वर गेलं, यकृताच्या सावलीवर. तिथं झाडाच्या वाळक्या फांदीसारख्या दोन-तीन काळ्या रेषा होत्या.

"ही हवा आहे, मराठे. पित्ताच्या नळ्यांत हवा. तिथं हवा जायचा रस्ताच नाही. मग आली कुठून?"

डॉ. मराठे जवळ गेले, चष्मा वर करून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "आतड्यातून. म्हणजे पिशवी आणि आतडं एकमेकांत फुटलंय?"

"पाहुण्यानं भिंत फोडली," बाई म्हणाल्या. "बुढीचा तो शेवटचा वायगोळा आपोआप थांबला ना, तेव्हाच. मोठा खडा पिशवीतून सरळ आतड्यात उतरला आणि आता अरुंद जागी जाऊन अडकलाय."

पोट उघडलं तेव्हा तसंच निघालं. लहान आतड्याच्या शेवटाशी, ते जिथं निमुळतं होतं तिथं, आवळ्याएवढा खडा घट्ट बसला होता. बाईंनी तो थोडा मागं सरकवला, आतड्याला छोटा छेद दिला, खडा बाहेर घेतला, छेद शिवला. मी पोट बंद करायचा दोरा ओवला. डॉ. मराठ्यांना वाटलं, आता वर जाऊन ती पिशवी काढतील, फुटलेलं भोक बुजवतील.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या.

"पण पुस्तकात—"

"म्हातारीला घरी जायचंय, मराठे. मला पुस्तकात जायचं नाही."

बायजाबाई शुद्धीवर आल्या, दोन दिवसांनी पेज प्यायला लागल्या, तेव्हा बाईंनी त्यांना खडा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"अवो बाप्पा! एवढा गोटा मी कवा खाल्ला वो?"

"खाल्ला नाई. तुह्याच पोटात झाला."

बायजाबाईंनी खडा मुठीत धरला. मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "पाह्य. तू म्हनत होता ना, मी कामाच्या कटाळ्यानं निजते म्हनून?" मुलगा खाली मान घालून हसला. बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की व्हरांड्यातल्या बायका डोकावल्या.

पण सगळ्यांच्याच बाबतीत असं झालं नाही. गिरणीतला एक फिटर होता, करीम नावाचा, चाळिशीच्या आतला. पोटात कळ, डोळे पिवळे, आणि मध्येच काळी परसाकडं. रक्त पोटातून जात होतं. बाईंनी जठरातली जखम समजून उपचार केले. रक्त थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. एका सकाळी भडभडून उलटी झाली आणि करीम गेला. बाईंच्या हातात त्याची नाडी होती.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, चहा पिता पिता, बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "यशोदे, करीमचं रक्त पित्ताच्या नळीतून येत होतं. खड्यानं नळी कुरतडली असणार. कळ, कावीळ आणि रक्त. तिन्ही माझ्यासमोर उभी होती आणि मी त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली नाही." मी म्हटलं, असं हजारात एखादं होत असेल. "त्याच्या घरी हजार करीम नव्हते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या करीमच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तिनं वाढलेला शिरखुर्मा खाऊन आल्या, एवढं त्यांनी सांगितलं. पुढं करीमची थोरली मुलगी आमच्याकडंच आया म्हणून लागली.

हे सांगायचं कारण, त्यानंतर कौसल्या आली.

समुद्रपूरकडच्या एका खेड्यातली. तिशीची, दोन लेकरांची आई, मजुरीवर जाणारी. तिचा नवरा नामदेव दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव त्यानं स्वतः उचलून नदीत सोडले होते. आणि पुढच्या उन्हाळ्यात कौसल्येला कावीळ झाली. रोज दुपारी हुडहुडी भरून ताप चढायचा, मग ती असंबद्ध बोलायची. तिची सासू मैनाबाई भ्यायली. तिनं मुलाला न विचारता गावातून काविळीची माळ करून आणली. बारीक काड्यांची माळ, ती लांबत लांबत पायापर्यंत आली की कावीळ उतरते म्हणतात. माळ गळ्यात असतानाच कौसल्येला आमच्याकडं आणलं.

तिच्या पोटाला बाईंचा हात लागला तशी ती किंचाळली. ताप रसरसलेला, नाडी दोऱ्यासारखी. नामदेव शेजारी उभा होता. त्याची नजर माळेवर गेली आणि तो भडकला.

"आई, हे काढ! आपन हे सारं सोडलं न? लोक काय म्हनतीन?"

"लोक मरू दे," मैनाबाई रडत म्हणाली. "मले सून पाह्यजे."

बाई पुढं झाल्या. मैनाबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माय, आता हिचं पोट उघडा लागते. आत काहीच नेता येत नाई, मंगळसूत्रबी नाई. तूच आपल्या हातानं काढ, अन् मी बाहेर येतपर्यंत धरून बस. चालीन?"

मैनाबाईनं माळ काढली, मुठीत धरली. नामदेव आईकडं पाहत राहिला. मग तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी नामदेवला समजावलं. तो मजूर असला तरी मोटेवर वाढलेला. बाई म्हणाल्या, "मोटेचं पानी पाटानं वाफ्यात जाते ना? पाटात गोटा अडला त पानी कुठं जाईन?"

"मांगं फुगन. मंग सडन."

"तसंच झालं. पित्ताच्या पाटात खडा अडला, मांगचं पित्त सडलं, त्याचा पू झाला. थो पू रक्तात चालला म्हनून हे बडबडून राह्यली. पाट फोडून पू काढतो. जगन का मरन, मी आज नाई सांगू शकत."

"तुमी काढा," नामदेव म्हणाला. "माहं रक्त घ्या."

त्याचं रक्त जुळलं. ते आम्ही तिला दिलं. कावीळ झालेल्या माणसाचं रक्त लवकर गोठत नाही, म्हणून त्यावरची इंजेक्शनंही दिली. डॉ. मराठे डोक्याशी बसून गुंगीसाठी ईथरचे थेंब टाकत होते. बाईंनी नळी उघडली तेव्हा पित्ताऐवजी हिरवट पू चिळकांडीसारखा उडाला. तो वास मला अजून आठवतो. त्यांनी चमच्यानं एक खडा काढला, मग दुसरा, मग बारीक वाळूसारखी रेती. सळई खाली घालून पाहत होत्या, एवढ्यात मराठे म्हणाले, "बाई, नाडी लागत नाही."

बाईंचा हात थांबला. त्यांना आणखी पाहायचं होतं, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. पण त्यांनी सळई काढली, इंग्रजी टी अक्षरासारखी रबराची नळी आत बसवली, तिचं एक टोक पोटाबाहेर काढलं आणि भरभर टाके घातले. बाहेर आल्या तेव्हा मैनाबाईची मूठ तशीच आवळलेली होती.

कौसल्या जगली. ताप उतरला, डोळे पांढरे व्हायला लागले. चौथ्या दिवशी तिनं लेकरांची नावं घेतली आणि नामदेव व्हरांड्यात जाऊन खांबाला टेकून उभा राहिला. रबराच्या नळीतून पित्त पलंगाखालच्या बाटलीत पडत होतं. आठवडा उलटल्यावर बाईंनी त्या नळीतून औषध सोडून एक्स-रे काढला. औषध खाली उतरून आतड्यात जायला हवं होतं. फोटोत ते नळीच्या तळाशी येऊन थांबलं होतं, आणि थांबलं तिथं वाटाण्याएवढी गोल, मोकळी जागा होती.

एक खडा राहिला होता.

डॉ. मराठे हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्यांना आत्ताच सांगायची गरज नाही. नवीन झाला म्हणता येईल."

बाई फोटोकडं पाहत होत्या. "नवीन नाही झाला, मराठे. माझ्याकडून राहिला."

त्या व्हरांड्यात गेल्या. नामदेव आणि मैनाबाई भाकरी खात होते. बाई त्यांच्यासमोर फरशीवरच मांडी घालून बसल्या. दोघंही घाईनं उठायला लागले, त्यांना हातानं खाली बसवलं.

"नामदेव, एक खडा आत राह्यला. माह्यापासून राह्यला. तिची नाडी बुडत होती म्हनून मी घाई केली. घाई केली नसती त थे टेबलावरच गेली असती, हेबी खरं हाय. पन खडा राह्यला, हेबी खरं."

नामदेवनं हातातला घास ताटात ठेवला. ताट बाजूला सारलं. मग त्यानं विचारलं, "पुन्यांदा कापान?"

"आता कापलं त नाई जगनार ते. दुसरा एक उपाय हाय. त्या रबरी नळीतून औषध सोडायचं, खडा झिजवायचा, खाली लोटायचा. दुखन. अन् जमनच असं मी सांगत नाई."

"डाक्टरीनबाई," मैनाबाई म्हणाली, "तुमाले कोनी इचारलं नोतं. तुमी काऊन सांगितलं?"

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "तुमचं मानूस हाय म्हनून."

मग रोज सकाळी तो कार्यक्रम सुरू झाला. छातीच्या दुखण्याला देतात ती एक गोळी कौसल्येच्या जिभेखाली ठेवायची, तिनं नळीचं खालचं तोंड थोडं सैल पडतं. मग कोमट मिठाचं पाणी, आणि त्यामागून थोडं ईथर. ईथरनं काही जातीचे खडे विरघळतात. पण शरीराच्या उबेनं त्याची वाफ होते आणि कळ येते. बाई तिच्या पलंगावर बसून पिचकारीचा दट्ट्या मुंगीच्या पावलानं दाबायच्या. कौसल्येचा चेहरा आकसला की लगेच थांबायच्या, वाफ बाहेर जाऊ द्यायच्या. हे काम त्यांनी मलाही दिलं नाही, मराठ्यांनाही दिलं नाही. व्हरांड्यात बाळंतिणी खोळंबल्या तरी दिलं नाही.

त्या वेळात दोघी बोलत राहायच्या. कौसल्या कापूस वेचायच्या गोष्टी सांगायची, कुणाच्या वावरात विंचू निघाला, कोणत्या बाईनं वजन वाढावं म्हणून ओटीत बोंडांखाली दगड लपवला. एक दिवस कळ फार आली आणि कौसल्येनं बाईंना शिवी दिली. साधीसुधी नाही, वावरातली, ठेवणीतली. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मैनाबाईनं तोंडावर पदर घेतला.

बाईंचा चेहरा उजळला. "यशोदे, ऐकलंस? मागच्या आठवड्यात हिला थुंकी गिळायची ताकद नव्हती!"

पण खडा हलेना. बाहेरची नळी चिमटा लावून बंद केली की पुन्हा ताप यायचा. चिमटा काढावा लागायचा. सगळं पित्त बाटलीत जात असल्यानं अन्न अंगी लागत नव्हतं, परसाकडं पांढऱ्या मातीसारखी व्हायची, कारण तिला पिवळा रंग येतो तो पित्तानंच. कौसल्या वाळत चालली. एका दुपारी मी चादरी घ्यायला कपड्यांच्या खोलीत गेले, तर बाई गाठोड्यावर बसल्या होत्या. मांडीत सोललेलं संत्रं, सगळ्या फोडी वेगळ्या करून ओळीनं लुगड्यावर मांडलेल्या. एकही खाल्लेली नव्हती.

"दोन मिनिटं अजून सळई फिरवली असती," त्या म्हणाल्या.

मी दारातच उभी राहिले. मग जवळ जाऊन खाली बसले. त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. आम्ही दोघींनी ते संत्रं संपवलं. संपल्यावर त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "पाणी थोडं जास्त कोमट करून पाहू."

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी पिचकारीचा दट्ट्या एकदम सैल गेला. बाईंच्या हाताला ते कळलं असावं, कारण त्या थांबल्या आणि माझ्याकडं पाहिलं. कौसल्येला थोडं दुखलं, मग राहिलं. त्या दिवशी बाटलीत पित्त कमी पडलं. बाईंनी नळीला चिमटा लावला. संध्याकाळपर्यंत ताप आला नाही. रात्रीही आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई बाह्यरुग्णांच्या खोलीत होत्या. समोर गिरणीच्या मॅनेजरांच्या पत्नी बसलेल्या, दारात रांग लागलेली. आणि नामदेव ती रांग बाजूला सारत धावत आला.

"बाई! पिवळी झाली! बाई, पिवळी झाली!"

मॅनेजरांच्या पत्नी दचकल्या. त्यांना वाटलं, पुन्हा कुणाला कावीळ झाली. पण बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"पक्की पिवळी?"

"हळदीसारखी! आईनं पाह्यलं, मीबी पाह्यलं, सारे पाहून राह्यले!"

बाई तशाच वॉर्डाकडं निघाल्या. निघाल्या म्हणजे पळाल्याच. त्या लुगड्यात, त्या वयात, व्हरांड्यातून पळत जाणाऱ्या बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिल्या. वॉर्डात मैनाबाई मातीचं भांडं प्रसादाच्या थाळीसारखं दोन्ही हातांत धरून उभी होती. बाईंनी वाकून पाहिलं, सरळ झाल्या आणि मैनाबाईला, भांड्यासकट, मिठी मारली. डॉ. मराठे मागून आले. पुण्याकडच्या त्या सोवळ्या माणसानंही वाकून पाहिलं आणि "छान, छान" म्हणाले.

नंतरच्या फोटोत औषध सरसर आतड्यात उतरलेलं दिसलं. तळाची ती गोल जागा नव्हती. बाईंनी रबराची नळी हलक्या हातानं ओढून काढली. पोटावर एवढंसं भोक राहिलं, तेही काही दिवसांत मिटलं. कौसल्या घरी निघाली तेव्हा बाईंच्या पाया पडायला वाकली. नामदेव म्हणाला, "आता आमी पाया पडत नाई कोनाच्या." बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे तुझं." मग कौसल्येनं हात जोडले, आणि बाईंनीही जोडले. मैनाबाईनं मात्र मुलाकडं न पाहता बाईंच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

पुढं एक-दोन वर्षांत बाईंची बोटं दुखायला लागली. सांधे सुजायचे, सकाळी मूठ मिटायची नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण टाका घालताना सुई एकदा मागं-पुढं व्हायची, ते मी पाहत होते. एका सकाळी अर्ध्या ऑपरेशनात त्यांनी सुईचा चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "मराठे, पुढचं तुम्ही करा. मी उभी आहे." मराठ्यांनी नीट केलं. बाई शेवटपर्यंत हात बांधून उभ्या राहिल्या, काही सुचवलं नाही. त्याच दुपारी त्यांनी विश्वस्तांना सांगून टाकलं.

वरोऱ्याला त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याकडं जायचं ठरलं. निरोपाचा समारंभ त्यांनी करू दिला नाही. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. मी जांबपर्यंत सोडायला गेले. तिथून वरोऱ्याकडची मोटार मिळायची. उन्हाळा नुकताच सुरू झालेला. नाक्यावरच्या हॉटेलाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत एक बाक होता. तिथं आम्ही बसलो. मोटारीला वेळ होता. समोरून नागपूरचे ट्रक धुरळा उडवत जात होते. हॉटेलवाल्याच्या कढईत भजी तळली जात होती. मला बाईंना खूप काही सांगायचं होतं, आणि ते कसं सुरू करावं याचा विचार करत मी रस्त्याकडं पाहत होते.

माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. बाईंचं डोकं होतं. त्या झोपल्या होत्या.

इतकी वर्षं एकत्र काम करून मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, अंबाडा सुटत आलेला, सुजलेली बोटं मांडीवर सैल पडलेली. श्वास लहान मुलासारखा. मी हलले नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

मोटार आली. कंडक्टरनं आरोळी दिली, "वरोरा, चांदा! चला, वरोरा!" ट्रंकेकडं पाहून त्यानं मला खूण केली. मी मान हलवली. त्यानं बाईंकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "दुसरी दुपारी हाय मंग." मी म्हटलं, "चालेल." मोटार गेली.

बाई जाग्या झाल्या तेव्हा सावली बाकावरून सरकली होती.

"गाडी?"

"गेली."

"अन् तू पाहत राह्यली? मला काऊन नाही उठवलं?"

"तुम्ही झोपल्या होत्या," मी म्हटलं.

त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, अंबाडा घट्ट केला आणि थोडा वेळ रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं केलंस." आणि हॉटेलवाल्याला हाक मारून दोन चहा, भज्यांची एक प्लेट सांगितली. आम्ही पोटभर खाल्लं. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही, आणि ते राहिलं असंही वाटलं नाही.

दुपारच्या मोटारीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते. मोटार सुटायला वेळ लागला. ड्रायव्हर चहा पीत होता, टपावर कुणीतरी कोंबड्यांची टोपली बांधत होतं. इंजिन सुरू झालं तशी मी हात वर केला. पण बाईंनी पाहिलं नाही. मोटार वरोऱ्याच्या फाट्याकडं वळली तेव्हा त्यांचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि त्या पुन्हा झोपी गेल्या होत्या.